लाकूड आणि नाद

लाकडाला आवाज असतो, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला पटवून द्यावी लागत नसे. आमचे वडील सुतार, आजोबाही सुतार. वखारीत फळी निवडताना वडील प्रथम ती डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहत, मग एका टोकाला चिमटीत लटकवून बोटाच्या पेराने मध्यावर टकटक करीत. फळी खणखणीत वाजली तर ती गाडीत चढे, बद्द वाजली तर वखारीतच राही. लाकडातील ओल, आतली पोकळी, दडलेली चीर, किडीने धरलेले घर, हे सारे त्यांना त्या एका टकटकीतून कळे. त्यांच्या हाताखाली आम्ही रंधा आणि पटाशी शिकलो, पुढे शिक्षकी पेशात शिरून तीस वर्षे मुलांना पदार्थविज्ञान शिकवले, आणि चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवण्याचा छंद तर आजतागायत सुटलेला नाही. तेव्हा लाकूड आणि सूर यांच्या नात्याविषयी कुटुंबात काही वाद निघाला की तो आमच्या ओसरीवर येऊन थांबतो, हे ओघानेच आले.

असाच एक वाद गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आला.

वादाचे मूळ एक तुळई. आमचे वडिलोपार्जित घर २०१९ साली उतरवले. कौले, वासे, दारे-खिडक्या ज्याला हव्या त्याने नेल्या. माजघरावरची सागवानी तुळई मात्र थोरल्या बंधूंनी राखून ठेवली. अकरा फूट लांब, सहा इंच बाय पाच इंच, कित्येक दशके चुलीचा धूर पिऊन काळवंडलेली. ती उभी चिरली की दोन पट्टे निघतात. प्रत्येक पट्ट्यातून एक सात फुटी खांब आणि एक चार फुटी आडवा तुकडा. म्हणजे दोन बाजू, वरची पट्टी आणि खाली उंबरा. नव्या घराच्या दर्शनी दाराची अखंड चौकट या एका तुळईतून काढायची, असा बंधूंचा मनोदय. कुटुंबात करवत चालवणारे आता आम्हीच उरलो असल्याने ते काम आमच्याकडे.

मध्येच बंधूंच्या धाकट्या चिरंजीवांनी आपला दावा मांडला. हा मुलगा गायनवृंदात गिटार वाजवतो आणि बरी वाजवतो. त्याला स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. मुंबईतील एका दुकानात त्याला दोन गिटारी दाखवण्यात आल्या. एकीचे धड महॉगनीचे, दुसरीचे कुठल्याशा स्वस्त लाकडाचे. किमतींतील फरक बंधूंच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा. महॉगनीचा आवाज 'उबदार' असतो, असे विक्रेत्याने सांगितले. (आवाजाचे तापमान कोणत्या यंत्राने मोजतात, हे त्या सद्गृहस्थांना विचारावयाचे राहून गेले.) घरी येऊन मुलाने बरेच वाचले, मित्रांना विचारले, आणि एका संध्याकाळी आमच्यापुढे येऊन बसला. "काका, जुने आणि मुरलेले लाकूड जर सर्वांत चांगले वाजत असेल, तर आपल्या तुळईसारखे लाकूड कोणत्या दुकानात मिळणार? मला तिच्यातले दीड फूट द्या. गिटारचे धड आपण घरीच करू."

दीड फूट कापले तर साडेनऊ फूट उरते, म्हणजे वरची पट्टी आणि उंबरा दोन्ही गेले. बंधू शांतपणे म्हणाले, "आवाजात खरोखर फरक पडत असेल तर काप. पडत नसेल तर माझ्या बापाच्या तुळईला करवत लावायची नाही. निर्णय तुझा."

आता निर्णय द्यावयाचा म्हणजे प्रथम प्रश्न नीट समजून घेणे आले. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. साधी गिटार, व्हायोलिन, सतार किंवा मिरजेचा तंबोरा यांत तार एकटी फारच क्षीण वाजते. तारेचे कंपन घोडीवाटे लाकडाच्या पातळ पृष्ठावर किंवा भोपळ्यावर उतरते, तो पृष्ठभाग हलतो, पोकळीतील हवा हलते आणि मग आपल्या कानापर्यंत सूर पोहोचतो. तेथे लाकूड हेच वाद्याचे तोंड. व्हायोलिनच्या वरच्या फळीला स्प्रूसच का लागते, याचे उत्तर त्या लाकडाच्या हलकेपणात आणि ताठपणात आहे. आमच्या वडिलांची टकटक तेथे शंभर टक्के लागू पडते.

इलेक्ट्रिक गिटारचे धड मात्र भरीव असते, साधारण पावणेदोन इंच जाडीचे. ते हवा हलवीत नाही. तारांच्या खाली पिकअप नावाचा भाग बसवलेला असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, इतकाच त्याचा संसार. गिटारची तार पोलादाची. ती चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेढ्यांमध्ये विजेचा दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली जे तत्त्व दाखवून दिले, तेच हे. आम्ही ते दरवर्षी नववी-दहावीच्या मुलांना एक चुंबक आणि एक गुंडाळी घेऊन करून दाखवीत असू. हा विजेचा दाब वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तेथे त्याचा पुन्हा आवाज होतो. या साखळीत कान कुठेच नाही, हवाही नाही. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही. पोलाद हलले की नाही एवढेच त्याला कळते. विश्वास बसत नसेल त्याने इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावून पाहाव्यात. गिटार सागाची असो वा सोन्याची, ॲम्प्लिफायरमधून सूर उमटणार नाही.

पण येथे एक खरी शंका उरते आणि ती मुलाने बरोबर काढली. "तार लाकडालाच धरून असते ना? लाकूड हलले तर तारही वेगळी हलेल." शंका रास्त आहे. तारेची दोन टोके ज्यावर टेकली आहेत ते आधार जर थोडे हलले, तर तारेची काही शक्ती तिकडे झिरपते आणि सूर लवकर विझतो. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटारींची अशीच मोजमापे केली. काही गिटारींवर ठरावीक तारेचा ठरावीक पडद्यावरचा स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा चटकन मरतो; वादक त्याला 'मेलेली जागा' म्हणतात. असे का होते, याचा शोध घेता फ्लायशर यांना दोषी सापडली ती गिटारची मान. मान लांब, सडपातळ आणि एका टोकाला मोकळी. काही स्वरांवर ती तारेबरोबर डोलू लागते आणि तारेची शक्ती पिऊन टाकते. धडाकडची बाजू, जेथे घोडी घट्ट बसवलेली असते, ती त्या मानाने जवळजवळ अचल. म्हणजे लाकडाचा काही अंमल असलाच तर तो मानेत शोधावा. तोसुद्धा जातीपेक्षा ताठपणाचा आणि जाडीचा.

मग गिटारी वेगवेगळ्या का वाजतात? कारण वेगळ्या वाजतात हे तर खरेच आहे, कुणीही ऐकून सांगेल. येथे आम्हांला तंबोऱ्याची आठवण झाली. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनासाठी, परंतु त्याआधी, १९२१ साली, त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीवर एक सुंदर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवले. रुंद, किंचित बाकदार घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा यांमुळे तार टेकण्याचे स्थान क्षणाक्षणाला बदलते आणि लपलेले उपस्वरही जागे होतात. तंबोऱ्याची जवारी ती हीच. मिरजेचा कारागीर भोपळा निवडण्यात जेवढा जीव ओततो, तेवढाच तो घोडी घासण्यात ओततो. तार जेथे टेकते आणि जेथे छेडली जाते, त्या एका वितीत नादाचा केवढा व्यवहार चालतो!

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपची जागा हा त्याच नियमाचा भाऊ आहे. पिकअप तारेच्या ज्या भागाखाली बसवला, त्या भागात जो उपस्वर स्थिर असेल तो त्याला ऐकू येत नाही. म्हणून घोडीजवळचा पिकअप तिखट बोलतो आणि मानेजवळचा गोलसर. दोन पिकअप असलेल्या कोणत्याही गिटारवर एक खटका इकडचा तिकडे केला की हा फरक लहान मूलही सांगते. पिकअप तारेपासून किती खाली आहे, तारेची जाडी किती, ती नवी की गंजलेली, तिची लांबी साडेपंचवीस इंच की पावणेपंचवीस, वेढे किती, आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाचा रोध अडीच लाख ओहम की पाच लाख, या प्रत्येक गोष्टीने नाद बदलतो. फार काय, गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची वायर लांब घेतली तर वरचे स्वर मंदावतात. ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर यांचा वाटा तर सर्वांहून मोठा. वायरीच्या लांबीची चौकशी कुणी करीत नाही आणि लाकडाच्या जातीसाठी दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन मोजतो, याचे आम्हांला नवल वाटते.

इतिहास चाळला तर त्यातूनही हेच दिसते. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प यांच्या कल्पनेतून १९३१-३२च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या कारखान्यात जी तयार झाली, ती ओतीव ॲल्युमिनियमची होती आणि तिच्या आकारावरून तिला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणत. तळणीचा तवाच म्हणा ना. त्यानंतर दहाएक वर्षांत लेस पॉल या वादकाने चार इंच बाय चार इंच पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले व त्या वाद्याला नावही 'ओंडका' असेच दिले. या ओंडक्याची एक हकीकत लेस पॉल आयुष्यभर सांगत. तो घेऊन ते प्रथम लोकांसमोर वाजवायला बसले तेव्हा कुणी फारसे लक्ष दिले नाही. मग त्यांनी एका जुन्या गिटारचे धड उभे कापून त्याचे दोन पंख ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले. पुढल्या खेपेस लोक खूश झाले. पंख नादासाठी काहीच करीत नव्हते. लोकांना गिटार दिसली, म्हणून ती ऐकू आली.

पुढे १९५० साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी भरीव धडाच्या गिटारी कारखान्यात मोठ्या संख्येने करण्यास आरंभ केला. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना गिटार वाजवता येत नसे. त्यांनी ॲश वापरले, १९५६च्या सुमारास बऱ्याच गिटारींसाठी ते आल्डर या लाकडाकडे वळले. आल्डर मुबलक मिळे, कापायला सोपे आणि रंग छान घेई. हा सुताराचा हिशेब आहे, आणि आमच्या वडिलांना तो ताबडतोब समजला असता. त्या लाकडांवर मोठमोठ्या वादकांनी मोठमोठी गाणी वाजवली, आणि मग त्या लाकडांना नादाची कीर्ती मिळाली. त्याच दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनी दाबलेल्या भुश्श्याच्या हार्डबोर्डपासून स्वस्त गिटारी करीत होती. त्यांतली एक पुढे जिमी पेज यांच्या हाती दिसली. १९६९ साली तर डॅन आर्मस्ट्राँग यांनी पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार काढली आणि ती कीथ रिचर्ड्स यांनी वाजवली. ॲल्युमिनियम, हार्डबोर्ड, प्लास्टिक, पाइन. यांतील कोणती गिटार गिटारसारखी वाजली नाही?

या साऱ्यावर मुलाचे उत्तर तयार होते. "वाजल्या असतील काका, पण चांगले कान असलेल्याला फरक कळतो." चांगल्या कानांचीही परीक्षा झालेली आहे. क्लोदिया फ्रित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एकवीस कसलेल्या व्हायोलिनवादकांना अंधूक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून, सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत स्ट्राडिव्हारीचीही होती. बहुतेकांनी घरी न्यावेसे वाटणारे म्हणून नवे वाद्य निवडले. आम्ही स्वतः व्हायोलिन वाजवत असल्याने ही बातमी प्रथम वाचली तेव्हा दोन वेळा वाचली. ही झाली व्हायोलिनची गोष्ट, जेथे लाकूड खरोखरच वाद्याचे तोंड आहे.

गिटारच्या बाबतीत इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी असाच प्रयोग करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून साध्या, पोकळ धडाच्या सहा गिटारी करवून घेतल्या. सर्व बाबतींत सारख्या, फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या फळ्यांचे लाकूड निराळे: ब्राझिलचे रोजवुड, भारतीय रोजवुड, महॉगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. बावन्न वादकांनी त्या न पाहता वाजवल्या. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांना दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखे अंतर निघाले नाही. यातील भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवी. आमच्या आजोबांनी तिचे पलंग केले. तिची जगभर इतकी ओढ लागली की २०१७ पासून तिच्या साऱ्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. पुढे २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. ज्या गुणासाठी झाड पडते तो गुण कानाला सांगता येत नसेल, तर त्या कुऱ्हाडीचा हिशेब कुणी द्यायचा, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ॲशची कथा तर आणखी वेगळी. ते झाड अमेरिकेत एका परदेशी भुंग्याने पोखरून टाकले, नद्यांच्या पुरांनी तोडणीला अडथळे आणले, आणि २०२० साली फेंडर कंपनीला आपल्या नेहमीच्या गिटारींतून त्या लाकडाचा वापर आवरता घ्यावा लागला.

नॅशव्हिल येथील जिम लिल नावाच्या वादकाने तर काही वर्षांपूर्वी गिटारचे धडच काढून टाकले. दोन जड टेबले समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये तारा ताणल्या, खाली योग्य जागी पिकअप धरला आणि वाजवले. मध्ये नुसती हवा. त्याची ध्वनिमुद्रिते आम्ही मुलाबरोबर बसून ऐकली. मूळ गिटार कोणती आणि टेबलांची कोणती, हे ओळखण्याची पैज मुलाने आपणहून लावली आणि आपणहून सोडली.

तरीही दुसऱ्याच्या प्रयोगावर निवाडा देणे आमच्या जिवावर आले. गायनवृंदाची एक जुनी गिटार होती. तिची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली, आणि पिकअप सारे एका पातळ पत्र्यावर बसवलेले. म्हणजे धड बदलणे सोपे. आम्ही दोन धडे कापली. एक फणसाचे, आमच्याच वाडीतल्या पडलेल्या झाडाचे. दुसरे यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या पाइनचे, गाठी आणि खिळ्यांची भोके यांसकट. जात निराळी, वजन निराळे, बोटाने वाजवले तर दोन्हींची टकटकही अगदी निराळी. तीच मान, त्याच मापाच्या नव्या तारा, तेच पिकअप, तारेपासून पिकअपपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून सारखे केलेले. सभागृहात पडदा लावून मुलाने वाजवले आणि गायनवृंदाची मंडळी पलीकडे कागद-पेन्सिल घेऊन बसली. धड बदलायला दर वेळी पाऊण तास लागे, त्यामुळे आम्ही प्रत्येक धडाचे वादन मुद्रित करून तेच उलटसुलट क्रमाने ऐकवले. एका भगिनीने प्रत्येक वेळी ठामपणे उत्तर दिले आणि निम्मी उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जितकी यावीत तितकी. इतरांची गत तीच. आमचेही कान त्यांत होतेच.

एका सभागृहातल्या एका संध्याकाळीने शास्त्र सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाला सांगावे लागू नये. सूक्ष्म यंत्रांनी मोजले तर दोन धडांत फरक सापडेलही. परंतु एकाच झाडाच्या बुंध्यातल्या आणि शेंड्याकडच्या फळीतही फरक सापडतो. मग 'महॉगनीचा आवाज' म्हणून काय विकले जाते? यंत्राला दिसणारा फरक आणि माणसाला ऐकू येणारा फरक या दोहोंतील अंतर दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेले नसते. आमचे मत स्पष्ट आहे. भरीव इलेक्ट्रिक गिटारच्या धडाचे लाकूड वजनासाठी पाहावे, ते वाकत-फुटत नाही ना हे पाहावे, डोळ्यांना आवडते का हेही खुशाल पाहावे. नादासाठी पैसे मोजायचे ते पिकअपला आणि ॲम्प्लिफायरला मोजावेत.

हा निवाडा आम्ही बंधूंच्या घरी जाऊन सर्वांसमोर सांगितला. बंधूंनी मान डोलावली. वहिनींनी चहा टाकला. मुलगा काही बोलला नाही. चहा झाल्यावर तो म्हणाला, "आवाजाचे सोडा, काका. मला ती तुळई आजोबांच्या घराची म्हणून हवी आहे. चौकट दाराला राहील. मी कुठे नोकरीला लांब गेलो तर चौकट बरोबर नेता येणार नाही."

यावर शास्त्राकडे उत्तर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. आम्हांला ब्रायन मे यांची गिटार आठवली. इंग्लंडमधील हा मुलगा सोळा वर्षांचा असताना, १९६३ साली, त्याने वडिलांच्या मदतीने घरीच इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली, कारण दुकानातली परवडत नव्हती. मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महॉगनी घेतले, किडीची भोके आगकाड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक आणि ब्लॉकबोर्ड. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. पडद्यांवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या मोत्याच्या शिंपीच्या बटणांच्या. दोनेक वर्षे हे काम चालले होते. हीच गिटार घेऊन ते पुढे क्वीन या वाद्यवृंदात जगभर वाजवत फिरले. (त्या वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल.) तिच्या नादाचे मर्म पिकअपांत, त्यांच्या जोडणीत आणि वादकाच्या हातात आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणू. परंतु ती शेकोटी तिच्यातून वजा करा असे त्या वडील-मुलाला सांगण्याची आमची छाती झाली नसती.

बंधूंशी आम्ही एवढेच बोललो की पोराने आधी दिलेल्या कारणापेक्षा हे कारण चांगले आहे, आणि खरेही. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आम्ही पडवीत गेलो तेव्हा तुळईच्या एका टोकापासून दीड फुटावर खडूची रेघ मारलेली होती. चौकटीची वरची पट्टी आणि उंबरा आम्ही फणसाचे केले. सागाच्या काळ्या खांबांमध्ये ते पिवळे उठून दिसतात. तेल दिल्यावर काही वर्षांत सावळतील.

दीड फुटाच्या तुकड्यातून पावणेदोन इंची तीन फळ्या निघाल्या. सागात मुळातच तेल असते, म्हणून सांधण्याच्या कडा आधी थिनरने पुसून घ्याव्या लागल्या, मग सरस धरला. रात्रभर शिकंज्यात आवळून सकाळी आकार कापला. मधल्या फळीत एका चौकोनी, घडीव खिळ्याचे भोक निघाले, भोवती लोखंडाच्या गंजाचा निळसर-काळा डाग. ते बुजवू का, असे मुलाला विचारले. नको म्हणाला. पिकअप त्याने चांगले घेतले, दुकानातल्या त्या दोन गिटारींच्या किमतींतील फरकाच्या निम्म्याहून कमी पैशांत. धड मात्र चांगलेच जड झाले आहे, आणि लांबलेल्या सरावानंतर डावा खांदा चोळीत तो आमच्याकडे पाहतो. पाठीकडून थोडे लाकूड कोरून काढता येईल, पुढल्या आठवड्यात गिटार घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले आहे.